धुरपदानं विचारलं होतं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पाळकसाहेबांपाशी नाही — आणि खरं सांगू? प्रार्थनेतसुद्धा या गोष्टीजवळ आले की मी घाईघाईनं आजारी माणसांची नावं घ्यायला लागायची. देवाला काय कळत नव्हतं? पण माझं आपलं चालूच. आज मात्र सांगून टाकते. नुसतं ठरवलं तरी बरं वाटतंय बघा.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. सेनगावकडच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती म्हणावीत अशी दोनच घरं, बाकी गाव शेतकऱ्यांचं नि मेंढरंवाल्यांचं. रविवारी आम्ही गोरेगावला चालत जायचो. तिथं एका पत्र्याच्या खोलीत आमची मंडळी भरायची. गाणी झाली, उपदेश झाला की बायकांनी एकेक करून उभं राहायचं आणि या आठवड्यात प्रभूबद्दल कुणाशी बोललो ते सांगायचं. चुलीपाशी, पाणवठ्यावर, निंदणीत — कुठंही बोललेलं चालायचं. याला आम्ही साक्ष म्हणायचो. रीत चांगलीच होती. खोट माझ्यात होती.

कारण मी कुणाशीच बोलायची नाही. एक शब्द नाही! शेतात निंदायला जायची, दुपारी बायका भाकरी सोडायच्या, आणि मला तर प्रार्थना केल्याशिवाय घास उतरायचा नाही. मग काय करायची? पदर सारखा करायचं निमित्त करून तोंड झाकायची आणि पदराआड भरभर प्रार्थना उरकायची. वर डोळ्यात कचरा गेला म्हणून डोळे चोळायची. एवढी हुशारी देवाचं नाव लपवण्यात घालवली — हसू येतं आता. भीती कसली होती म्हणाल, तर बायका हसतील याची. कामावरून काढतील वगैरे नंतर मीच मनाशी रचलं.

माझ्या शेजारच्या ओळीला धुरपदा असायची. मेंढरंवाल्यांच्या घरची, माझ्याच वयाची. त्या साली तिचं पोरगं तापानं गेलं होतं. रडायची नाही, तण नसलं तरी खुरप्यानं माती उकरत राहायची. एके दुपारी भाकरी सोडल्यावर ती माझ्याकडे सरकली.

"काहून वं, पदराआड काय पुटपुटून राहिली?"

मी म्हटलं, कुठं काय, डोळ्यात कचरा गेला.

तिनं हातातली भाकर खाली ठेवली. मग खाली बघत म्हणाली, "तुमचा देव लेकराला जवळ घेतो म्हनतेत. मेलेल्या लेकराला बी घेतो का?"

सांगायला माझ्याजवळ किती होतं! माझंही एक लेकरू मातीत होतं, आणि त्या दिवसांत मला धरून ठेवलं ते याच विश्वासानं. ते सांगायला असा किती वेळ लागला असता? पण पलीकडच्या बायका कान देऊन बसलेल्या. मी म्हटलं, "मला न्हाई बाई ठावं. भाकर खा."

एवढ्यावर थांबले असते तरी — पण कुठलं काय. त्या रविवारी माझी पाळी आली, मी उभी राहिले आणि तोंडातून भडाभडा निघालं. धुरपदाला मी सगळं सांगितलं, प्रभू लेकरांना मांडीवर घेतो असं मी तिला म्हटलं, ती रडली, मी तिच्यासाठी प्रार्थना केली! शेतात जे शब्द फुटले नव्हते ते तिथं अगदी ओळीनं आले. बायकांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. पुढं दर रविवारी मंडळी धुरपदाचं नाव घेऊन प्रार्थना करू लागली आणि सगळ्यांत मोठ्यानं आमेन मी म्हणायची.

शेवटी पाळकीणबाई — आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, फार साध्या मनाच्या — धुरपदाला भेटायलाच गावात आल्या. मला बरोबर जावं लागलं. धुरपदा अंगणात लोकर पिंजत बसलेली. बाईंनी विचारलं, हिनं प्रभूबद्दल सांगितलं ते पटलं का तुला? धुरपदानं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कसं झालं होतं कुणास ठाऊक. ती म्हणाली, "व्हय बाई. लई चांगलं सांगितलं हिनं."

बाई आनंदानं गाडीत बसून गेल्या. मी तिथंच उभी. धुरपदा रागावली नाही, एक टोमणा मारला नाही. लोकर बाजूला ठेवून म्हणाली, "तुह्यासाठी खोटं बोलले म्या. आता तरी सांग वं, माझं लेकरू कुठं हाय?"

अंगणात आम्ही दोघीच होतो. हसायला कुणी नव्हतं, कान द्यायला कुणी नव्हतं — मग आता कशाची भीती? कशाचीच नाही. नुसती लाज. ती सहन होईना, म्हणून दळण पडलंय असं सांगून मी निघून आले. त्यानंतर निंदणीत मी तिच्याशेजारची ओळ धरली नाही.

पुढं रझाकारांच्या धामधुमीत धुरपदा नि तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन वऱ्हाडात गेली, ती परत आलीच नाहीत.

झालं, सांगून झालं. छातीवरचं ओझं उतरलं, मोकळा श्वास येतोय, ते कशाला नाकारू? पण मोकळी झाले ती मी. धुरपदाला तिच्या लेकराबद्दल एक शब्द हवा होता, तो माझ्याजवळ होता, आणि मी तिला तो दिला नाही.