टेंगूळ चोळू नका

माणसं दवाखान्यातून औषध घेऊन जातात आणि किस्सा मागे ठेवून जातात. पंचावन्न सालच्या आसपास मी पौडला डॉक्टर म्हणून गेलो, तेव्हापासून माझ्याकडे असे किती साठले! त्यातले निम्मे तरी टेंगळांचे. ठेंगणी दारं, हिरड्याची झाडं, मारके बैल. मुळशीत डोकं आपटायला जागा कमी नव्हत्या.

उपचार साधा. गार पाण्याची पट्टी, विश्रांती, आणि चोळायचं नाही. हे शेवटचं कुणी ऐकत नसे.

घोटावड्याच्या एका आजींचं टेंगूळ दुसऱ्या दिवशी दुप्पट झालं.

"आजी, चोळलंत ना?"

"न्हाई बा. तुमी नगं म्हनला होता."

"मग एवढं कसं वाढलं?"

"सुनंनं चोळलं."

धोंडिबा मेंढपाळाला त्याच्याच एडक्यानं धडक दिली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. मी नेहमीचं विचारलं, "चक्कर आली? उलटी झाली?"

"मला न्हाई," धोंडिबा काळजीनं म्हणाला. "एडका मातुर सकाळपास्नं गप बसलाय."

सखूबाईंच्या डोक्यावर माळ्यावरून पाटी पडली. आत रक्त साकळून मऊ फुगवटा आला होता. त्या म्हणाल्या, "सुई टोचून काडा की ते रगात."

मी समजावलं, "टोचलं तर पू व्हायचा. राहू द्या. ते हळूहळू अंगातच जिरतं."

"म्हंजी वाया न्हाई जायाचं?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

एकदा मात्र मीही घाबरलो. तुकाराम नावाचा शेतकरी हिरड्यावरून डोक्यावर पडला. वरून नुसतं टेंगूळ, पण मार आत लागला असेल तर? त्याच्या बायकोला, पार्वतीला, बजावलं, "गुंगी आली, उलटी झाली किंवा वेगळंच काही बोलायला लागले, तर तडक घेऊन या."

दुसऱ्या दिवशी बैलगाडी दारात. पार्वती रडत होती. "वेगळंच बोलत्यात, डॉक्टर. सकाळपास्नं माज्या आईचं कौतिक चाललंय."

मी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. सगळं ठीक होतं. तरी त्याला दिवसभर पडवीत निजवून ठेवलं. पार्वती उशाशी बसून पट्ट्या बदलत होती. तिन्हीसांजेला तुकारामानं विचारलं, "तुजी आई अजून किती दिस ऱ्हानार हाय?"

पार्वतीनं डोळे पुसले. "आलं ठिकान्यावर," ती म्हणाली आणि गाडी जुंपायला सांगून आली.

आणि बापू पैलवान. जत्रेत भल्याभल्यांना लोळवणारा गडी, गोठ्याच्या चौकटीवर आपटला. कपाळावरचं टेंगूळ उतरलं, पण दोन दिवसांनी दोन्ही डोळे काळेनिळे! मी नीट तपासलं. नाकाकानातून काही येत नव्हतं. कपाळाच्या कातडीखालचं रक्त ओघळून पापण्यांत उतरलं होतं, एवढंच. आपोआप जाणार होतं.

पण बापूंचं दुखणं निराळं होतं. बायको काशीबाई, काडीसारखी, शेजारी उभी. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "सारं गाव म्हनतंय, हिनं मारलं. तुमी एकडाव पारावर येऊन सांगा, डॉक्टर."

एवढ्या मोठ्या माणसाचा पडलेला चेहरा बघून मला वाईट वाटलं. मी टोपी घातली आणि बापूंना घेऊन निघालो. काशीबाई दारात आडवी आली.

"नगा जाऊ, डॉक्टर. कालपास्नं पानवठ्यावर बाया पयली माजी घागर भरू देत्यात."

बापू पैलवान पुन्हा बाकावर बसले.