हिरवा घोडा

आमचा दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याची रेघ इतकी सरळ, की लोक पट्टी लावून बघायचे आणि मग पट्टीवरच संशय घ्यायचे. काचबिंदूनं डोळे गेले, तरी पठ्ठ्यानं ब्रश सोडला नाही. गोंदात भिजवलेली दोरी भिंतीवर चिकटवून तो चित्राची कड करायचा आणि बोटानं कड चाचपत आत रंग भरायचा. डबे कायम ठरलेल्या जागी: डावीकडे पांढरा, मग हिरवा, निळा, तांबडा.

घरात मात्र त्याच्या प्रत्येक चित्राला एकच शब्द, "छान!" वहिनी तर धड न बघताच छान म्हणायच्या. बिचाऱ्या त्याला जपत होत्या, पण त्या जपण्याचाच त्याला वीट आला होता. शेवटी त्यानं मला, धाकट्या बहिणीला, बोलावून घेतलं.

"अंगणातल्या भिंतीवर पांढरा घोडा काढलाय. तू तोंडाची फटकळ, खरं सांगशील. हात गेला असेल, तर ब्रश देऊन टाकतो." ब्रशांची जुडी त्यानं बांधूनही ठेवली होती.

भिंत बघितली आणि मला घामच फुटला. वहिनी मागून खुणा करून गप्प बसायला सांगत होत्या. पण मी काही मूग गिळून बसणाऱ्यातली नाही.

"दादा, घोडा हिरवागार झालाय."

वहिनींनी कपाळावर हात मारला. दादा हळूच म्हणाला, "पण घोडा आहे ना?"

"म्हणजे काय! पुढचा पाय उचललाय, मान ताठ, आत्ता उडी मारेल असं वाटतंय. घोडा फर्मास आहे, रंग तेवढा पोपटाचा."

"मग हात शाबूत आहे! डबा चुकला!" दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. माझा जीव भांड्यात पडला. "पण डबे हलवले कुणी?"

"झाडताना मीच लहान-मोठे ओळीनं लावले," वहिनी पुटपुटल्या. मग एकदम म्हणाल्या, "आणि अहो, आभाळ तांबडं झालंय. शेपटीकडे वीतभर भिंत कोरीच राहिलीय."

दादाचं हसू थांबलं. त्यानं त्यांच्याकडे तोंड वळवलं.

"मग बघत काय बसलीस? सोड ती जुडी."

वहिनींना गाठ सुटेना. शेवटी त्यांनी ती दातांनी सोडली.