डाव्या वळणाची घोडेस्वारी

वसमत तालुक्यात घोड्यावरून उजवीकडे वळताच न येणारी एक अख्खी पिढी तयार झाली आहे आणि त्याचं सगळं श्रेय आमच्या साडूंना जातं. साडू एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी माळेगावच्या जत्रेतून एक पांढरी घोडी आणली आणि हट्टा गावाच्या शिवारात कॉलेजच्या पोरापोरींना घोडेस्वारी शिकवायला सुरुवात केली. तुम्ही स्वतः कुठे शिकलात, असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते घाटात ब्रेक फेल झाल्याची गोष्ट सुरू करायचे.

शिकवणीला पायऱ्या होत्या. पहिली पायरी खाकरण्याची. घोडीजवळ जायचं ते डावीकडून आणि खाकरत. कुणी मुकाट्याने गेलं की, "चोरी करायला आलास काय रं?" म्हणून हाकलून द्यायचे. मग खरारा, तोही बोलत बोलत. मग रिकिबीत पाय, मग चाल, मग दुडकी. तोंड मात्र चालूच, तेही घोडीच्या उजव्या कानाकडे वाकून. एका पोराला काही सुचेना म्हणून तो पाढे म्हणायचा, तर साडूंनी त्याला पहिला नंबर दिला. रिंगण कायम डावीकडे. माझ्या मुलीने एकदा विचारलं, "काका, उजवीकडं कधी?" तर म्हणाले, "ते पुढच्या वर्षी." ते पुढचं वर्ष कुणाच्याच नशिबी आलं नाही. मी येता-जाता टवाळी करायचो, पण मुलीला पाठवायचोही.

मग ती मामाच्या गावी, गोरेगावला, त्याच्या घोड्यावर बसली. मळ्यातून उजवीकडे वळलं की घर. ही अखंड बडबडत डावीकडून वळसे घेत निघाली. घोडा वैतागून उधळला तो वाळत घातलेल्या हळदीतूनच. मुलगी पडली, मनगट मुरगळलं. हळदीचा मालक कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काहून ओ, ह्या पोरीला उजवी बाजूच न्हाई का?"

मी तडक हट्ट्याला गेलो, साडूंची हजेरी घ्यायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खाली बघत म्हणाले, "पाव्हणं, घोडीचा उजवा डोळा गेलाय. जत्रेत मला कळलंच न्हाई. त्या बाजूनं आवाज न्हाई आला की थरथरत राहती. लोकाला कळलं तर लेकरं कोण धाडंल? अन् लेकरं न्हाई आली तर हिच्याशी बोलंल कोण? माझा एकट्याचा घसा किती पुरणार?"

दुसऱ्यांची लेकरं अर्ध्या आंधळ्या घोडीवर बसवणारा हा माणूस! मला संताप आला, आणि त्याच वेळी त्यांची मायाही आली. पण मी म्हणालो, "सांगावं लागेल."

त्यांनी आईबापांना गोळा करून स्वतःच सांगितलं. शिव्या खाल्ल्या, त्या योग्यच होत्या. शिकवणी बंद पडली.

पोरं मात्र येतात. घोडीवर आता कुणी बसत नाही, नुसती तिच्या उजव्या अंगाला उभी राहून बोलून जातात. परवा माझी मुलगी बराच वेळ उभी होती. परीक्षेचं सांगितलं, मैत्रिणीशी झालेल्या भांडणाचं सांगितलं, आणखीही काहीबाही, हळू आवाजात. साडू बाजेवर डोळे मिटून पडले होते. मी फाटकाशीच थांबलो. घरी ती माझ्याशी एवढं कधीच बोलत नाही.