हरवलेले न्यूट्रॉन आणि शांतारामचा बांध

धुळ्याहून फोन आला, शांताराम गेला... दीड महिना झाला. खोटं कशाला बोलू, अजूनही त्याची आठवण आली की आधी हसूच येतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघं जळगावच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. चाळिशी उलटल्यावर शांतारामनं पीएच.डी.चा घाट घातला. न्यूट्रॉन भिंतीतून किती आरपार जातात, ते संगणकावर काढायचं. मध्ये किरणांचा स्रोत, त्याभोवती मेणाचा थर, त्याबाहेर काँक्रीट. ही रचना आकड्यांत लिहून दिली की संगणक एकेक न्यूट्रॉन सोडून त्याचा माग काढायचा. पण दर वेळी प्रोग्रॅम मध्येच थांबे, न्यूट्रॉन हरवला! मार्गदर्शकांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत निकाल दाखवा, नाहीतर विषय सोडा. शांताराम सूत्रं तपासून तपासून पार वाळला. "कुठे जातात रे मेले?" म्हणायचा, जशी काही गोठ्यातली वासरंच सुटलीत.

शेवटी एका दुपारी मी त्याच्या आकड्यांवरून फळ्यावर चित्र काढलं आणि स्रोतापासून बोट फिरवत निघालो. "इथे मेण संपलं. काँक्रीट तिथे सुरू होतंय. मग मधली ही पट्टी कोणाची?"

"तो बांध शे," तो सहज आमच्या अहिराणीत म्हणाला.

"कोना?"

"दोन्हीस्ना!" ...आणि त्याचा हात तोंडावर गेला.

अमळनेरजवळ त्याच्या आणि काकांच्या वावरामध्ये असाच बांध होता. दोघांनीही नांगर अलीकडेच वळवायचा, ही रीत. शांतारामनं शेजारधर्म म्हणून मेण आणि काँक्रीटमध्येही बांध सोडला होता! संगणकाला कुठला शेजारधर्म? न्यूट्रॉन त्या पट्टीत शिरला की कोणाच्याच वावरात नाही. दोन्ही थर भिडवले, आणि प्रोग्रॅम न अडखळता शेवटपर्यंत चालला. शांतारामनं मला चक्क उचललं. दिवाळी तोंडावर आली होती.

डॉक्टर होऊन तो धुळ्याला विभागप्रमुख झाला, पण त्या दिवसापासून त्याला कुठली फट म्हणून सोसेना. घरात दोन वस्तूंमध्ये जागा दिसली की "इथूनच पळतात मेले!" म्हणत आधी ती बंद करायचा, मग बोलायचा.

परवा वहिनींना भेटायला गेलो. बैठकीत सोफा भिंतीला, खुर्ची सोफ्याला चिकटलेली. मी खुर्ची ओढून बसलो. चहा झाला, उठलो, दारापर्यंत गेलो... आणि परत फिरून खुर्ची सोफ्याला नीट भिडवली.

"न्यूट्रॉन पयी जाई, नही का भाऊजी?" वहिनी हसत म्हणाल्या, आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.