शाईची पिशवी कोणी फोडली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला न्हाई, लेकरांना न्हाई — आई तर न ऐकताच गेली. पण आज सांगणार म्हणजे सांगणार. मधे थांबवू नका.

हिंगोलीला बी.एस्सी. करत होते तेव्हाची गोष्ट, मोबाईल यायच्या आधीची. आमचं घर पुसेगावकडचं, माळकरी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. त्यामुळं प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मला मोकळीक होती — "माळ हाय, सर" म्हटलं की सुटले. बेडूक असो की झुरळ, कापायची माझी जोडीदार सुजाता, आकृत्या मी काढायची. सुजाता हट्टा गावची, बौद्ध घरातली, त्यांच्या घरात कॉलेजात आलेली पहिलीच. काय हात होता तिचा! नस न तुटता वेगळी करायची. आणि खोटं कशाला बोलू — माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आमच्याकडं समुद्र कुठला? सरांनी कोकणातल्या ओळखीच्या माणसाकडून एक स्क्विड मागवला, फॉर्मेलिनच्या बरणीत घालून. कोकणात त्याला माकूल म्हणतात म्हणे. एकच होता. विद्यापीठातून माणसं येणार होती, त्यांच्यासमोर सुजातानं तो उघडून दाखवायचा होता. सर तिला म्हणाले होते, "नीट दाखव पोरी, एम.एस्सी.साठी मी तुझ्याकरता शब्द टाकतो." तिला दुसरं कोण होतं शब्द टाकायला? हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवशी पाहुणे यायच्या आधी तिनं वरचं आवरण चिरलं, मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावल्या आणि ती पाणी आणायला गेली. मी वाकून बघितलं. पिसासारखे कल्ले, आणि हृदयं तीन — एका जिवाला तीन, बाई! मला वाटलं, मलाही येतं की. माळेचं काय? त्या घडीला माळ आठवलीच नाही. मी कात्री उचलली, आत घातली, आणि टोक शाईच्या पिशवीत गेलं.

काळंकुट्ट झालं सगळं. कल्ले दिसेनात, हृदयं दिसेनात. मी कात्री ठेवली आणि शाईनं माखलेला उजवा हात ओढणीखाली घेतला.

सर आले. सुजाता पाण्याचं भांडं घेऊन दारातच थिजली. "सर, मी न्हाई केलं. मी पाणी आणायला गेल्ते."

"मग कोणी केलं?"

मागून एक पोरगं बोललं, "मग काय माळकऱ्याच्या पोरीनं कापलं व्हय? कापाकापी कोणाच्या घरची, ते ठावं हाय की." पोरं हसली. सरांनी त्याला दटावलं नाही. ते माझ्याकडं बघून राहिले. आणि मी — हेच ते, हेच सांगायचं होतं — मी डाव्या हातानं गळ्यातली माळ उचलून दाखवली. बोलले एक अक्षर नाही. खोटं बोलायची गरजच पडली नाही.

सुजातानं माझ्या ओढणीकडं बघितलं. तिला कळलं होतं. तरी काहून गप्प बसली? बोलली असती तर कोणी ऐकलं असतं तिचं?

पाहुण्यांसमोर मग मी फळ्यावर स्क्विडची आकृती काढली, अवयव समजावून सांगितले. वाहवा झाली. सरांनी शब्द टाकला तो माझ्यासाठी. मी एम.एस्सी. झाले, आज कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सुजातानं पुढं अर्जच केला नाही. हट्ट्याला अंगणवाडीत लागली, एवढं कानावर आलं.

आता सरांच्या घरी जाऊन सांगणार आहे. मग हट्ट्याला. तिनं दार लावून घेतलं तर बाहेरून सांगेन, आणि गल्ली ऐकत असेल तर ऐकू दे. वय लहान होतं, असं म्हणणार नाही. घाबरले होते, असंही नाही. कारण ते खरं नाही. खरं हे आहे — मी फळ्यावर आकृती काढत होते, मागं नळाखाली सुजाता तो काळा ट्रे घासत होती, आणि मला बरं वाटत होतं.