गाडी पान्हवली ती सकाळ

आमच्या घरात भुताखेतांवर विश्वास ठेवायला कुणाला फुरसतच नव्हती. बाबा गेल्यावर माय आणि दादा दोघंच मळा ओढत होते. मोटेचं पाणी, वांगी-मिरच्यांचे वाफे, आणि बाजाराच्या दिवशी मायच्या डोक्यावर टोपली... "भुतं रिकामटेकड्याईले दिसतात," ती म्हणायची. त्या टोपलीवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी मान वर करून सांगते. म्हणून पुढचं वाचताना मला भोळी समजू नका.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. बुलढाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा निघाली होती आणि मला मुलाखतीचं बोलावणं आलं. नांदुऱ्याहून बुलढाण्याची सकाळची बस चुकली की जागा गेलीच. आणि नांदुऱ्यापर्यंत पोहोचवणारं वाहन एकच — रहीमचाचांचा भाजीपाल्याचा ट्रक.

एरवी आम्ही मागे पोत्यांवर बसायचो. पण चाचांनी जाहीर केलं, "बी.एस्सी. झालेली पोरगी पोत्यावर बसन? केबिनमधी बसन!" आणि त्याच अभिमानापायी त्यांनी आदल्या संध्याकाळी ट्रक विहिरीवर नेऊन धुतला. दारं, हँडलं, बिजागऱ्या... बादल्यांवर बादल्या.

नेमकं त्याच रात्री कधी नव्हे असं हिव पडलं. सकाळी पाहतो तर गवतावर मीठ पेरल्यासारखा गोठलेलं दंव, आणि ट्रकची दोन्ही दारं पांढरीफटक... घट्ट! काचाही वर चढवलेल्या. चाचांनी हँडलला लोंबकळून पाहिलं, दादाने लाथा घातल्या. मी गरम पाणी आणायला धावले तर चाचा ओरडले, "नको बेटी, काच तडकन!"

"काऊन चाचा," दादा म्हणाला, "गाडीले आंघोळ घातली, आता घोंगडंबी पांघरा तिले!"

"हसून नको राहू बे. पोरीची बस चुकून राह्यली."

माझे तर डोळे भरून आले होते. तेवढ्यात माय मळ्यातून आली. हिवाने वांगी रात्रीतून करपली होती, ते पाहून आली होती. तिने माझी हनुवटी धरली तेव्हा मी दचकले — बोटं बर्फासारखी गार!

"लाता मारून कोणती गाय पान्हवते बे? सरका."

गाय पान्हा चोरायला लागली, दूध वर ओढून धरायला लागली, की माय तिच्या पाठीवरून हात फिरवत बोलायची. तशीच ती त्या दारावरून हात फिरवू लागली. वरून खाली, सावकाश. "सोड माय... सोड. लेकरू अडलं हाये."

दादा हसला. पण खट्ट आवाज झाला आणि त्याचं हसू तिथंच थांबलं.

दार उघडलं. मायचा हात हँडलला लागलाही नव्हता... आतून कुणी अलगद लोटावं तसं ते बाहेर आलं. मी सगळ्यात आधी दार पाहिलं. तिचा तळहात फिरला तिथलंही दंव जसंच्या तसं होतं, एक रेघ उमटली नव्हती. मग आत चढले आणि सीटवर हात टेकला — सीट उबदार होती! गाय उठून गेल्यावर तिची जागा असते ना, अगदी तशी.

चाचा माझ्याच बाजूने आत सरकले. त्यांच्याकडचं दार नांदुऱ्याला पोहोचेपर्यंत उघडलं नाही.

उष्णतेने बर्फ कसा वितळतो हे पुढे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं. त्या दाराचं उदाहरण मात्र कधी दिलं नाही. मायला विचारलं तर म्हणायची, "त्यात काय? तिले सांगतलं, तिनं आयकलं." ज्या बाईने करपलेल्या मळ्याकडे पाठ फिरवून आधी लेकीचं दार उघडलं, तिचं गाडीने ऐकलं याचं मला तर नवल कमीच वाटतं...

बस मिळाली. मुलाखत झाली. जागा मला मिळाली. आणि पुढच्या हिवाळ्यात माय बुलढाण्याला माझ्याकडे राहायला निघाली तेव्हा नांदुऱ्यापर्यंत ती त्याच ट्रकच्या केबिनमध्ये बसून आली.