जिंकणार, असं ते एकदाच म्हणाले

हॉस्पिटलमधून तुम्हाला शेवटचा व्हिडिओ कॉल लावला तेव्हा इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये सकाळ होती आणि पुण्यात तुमची रात्रीची जेवणं चालली होती. ईशान, तुझ्या हातात वरणभाताचा घास तसाच होता. "आजोबा, उद्या कोण जिंकणार?" तू विचारलंस. त्यांनी नाकाची नळी जरा सरकवली आणि म्हणाले, "आपण जिंकणार. चांगले वीस पॉइंट्सनी. आणि मी घरी जाऊन, माझ्या खुर्चीत बसून बघणार." तू ओरडलास, ईरा टाळ्या वाजवायला लागली... मी मात्र पलंगाची कड धरून उभी राहिले. का, ते आज सांगते, आणि क्रमाने सांगते.

तुमचे आजोबा नागपूरहून इंजिनिअरिंग करून इथल्या विद्यापीठात पुढे शिकायला आले. विद्यार्थ्यांना बास्केटबॉलचं तिकीट फुकट असायचं, म्हणून मित्रांबरोबर गेले आणि कायमचे अडकले. शाळेत ते कबड्डी खेळलेले. "दम टिकवायचा आणि रेषा सांभाळायची, बाकी सगळं तेच," असं मला लग्नानंतर पहिल्यांदा समजावलं होतं. आपलं विद्यापीठ आणि दोन तासांवरचं ते दुसरं, दोन्ही एकाच कॉन्फरन्समधली, म्हणजे एकाच गटातली. दर मोसमात दोनदा भिडतात, एकदा इथे, एकदा तिथे. बाकीचे सामने आजोबा चहा पीत बघायचे. या सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

त्याच दिवशी त्यांचा 'पूर्वरंग' असायचा. कीर्तनात बुवा आधी पूर्वरंग करतात आणि मग आख्यान लावतात, तसं. खांद्यावर माझी ओढणी उपरण्यासारखी टाकून ते जेवणाच्या टेबलाशी उभे राहायचे. आपले पाच खेळाडू म्हणजे स्टीलच्या वाट्या, त्यांचे पाच म्हणजे डब्यांची झाकणं. कोण कुणाला अडवणार, कुणाचा गुडघा दुखतोय, कोण फ्री थ्रो टाकताना घाबरतो, सगळं त्या वाट्या सरकवून दाखवायचे. आणि शेवट ठरलेला, "तात्पर्य, उद्या आपण हरणार." ईरा चिडायची. "आजोबा, यू आर सो निगेटिव्ह! तुम्ही नक्की कुणाच्या साइडचे?" ते शांतपणे म्हणायचे, "साइडचा आहे म्हणूनच बोलतोय ना, बाळा."

त्यांच्या घरची रीतच ती होती. परीक्षेला निघाले की त्यांची आई कधी 'पास होशील' म्हणाली नाही, 'जाऊन ये' म्हणायची. चांगलं आधी बोललं की त्याला दृष्ट लागते. आजोबांनी आयुष्यभर कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत काम केलं, प्रत्येक गोष्ट मोजून घेतली, पण हे काही सुटलं नाही. ज्याची आशा फार, त्याबद्दल वाईट बोलायचं. नोकरीच्या मुलाखतीहून आले, "नाही मिळत." घर बघून आलो, "आपल्याला कुठलं मिळतंय." आणि तुम्ही चौघं पुण्याला परत निघालात तेव्हा विमानतळावर तुमची पाठ वळल्यावर म्हणाले, "आता कसली फोन करतायत ही पोरं." मी घाबरले नाही. उलट बरं वाटलं. तुम्ही दर आठवड्याला फोन केलात, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी तर न चुकता.

म्हणून त्या सकाळी 'जिंकणार' हा शब्द ऐकला आणि मी पलंगाची कड धरली. कॉल बंद झाल्यावर मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले.

"काय बघतेस?" ते म्हणाले.

"असं कधी बोलत नाही तुम्ही."

"एवढी वर्षं उलटंच बोललो, सुधा. एकदा सरळ म्हणून बघावं म्हटलं... पोरं किती खूश झाली."

मी पांघरूण नीट केलं. ते आता घरी येणार नाहीत, हे दोघांनाही कळलं होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळीच ते गेले. संध्याकाळी आपण जिंकलो, हे मला तुमच्या आईकडून फोनवर कळलं. ती विमानात बसायच्या गडबडीत होती. मागून ईशानचा आवाज आला, "आजी, आजोबांचं अर्धं बरोबर आलं ना?" मी म्हटलं, "आईला फोन दे." तेव्हापासून आपले फोन आखूड झालेत. जेवलीस का, औषध घेतलंस का, आणि मग दोन्हीकडे शांतता. मला त्या शांततेची भीती वाटते. आजोबा गेले, आता तुम्हीही हळूहळू दूर जाल, असं वाटत राहतं. परवा ईरानं धीर करून विचारलं, "आजी, परतीचा सामना आलाय. पूर्वरंग तू करशील?" मी म्हटलं, "मला कुठे येतं गं." त्यावर ईशान म्हणाला, "म्हणजे आता बंदच का?"

नाही, बंद नाही. म्हणून हे सगळं लिहायला घेतलं. सामन्याच्या आदल्या दिवशी जेवणं झाली की फोन लावा. वाट्या आणि झाकणं मांडून ठेवते. या वेळी सामना त्यांच्या गावी आहे, तिथले प्रेक्षक फार कालवा करतात. आपल्या उंच मुलाचा घोटा मुरगळलाय, त्यामुळे रिंगखाली आपण कमी पडू. त्यांच्याकडे एक नवा पोरगा आलाय, लांबून टाकतो आणि चुकत नाही. इतकं मी पेपरातून वाचून तयार केलंय. माझं चुकलं तर हसा, चिडवा, पण फोन ठेवू नका. फक्त निकाल विचारू नका. हरणार म्हणायला त्यांच्याएवढी आशा लागते, ती सध्या माझ्याजवळ नाही. आणि जिंकणार हा शब्द मला अजून ऐकवत नाही.

सामना मी बघणार आहे. आजोबांना अलीकडे कमी ऐकू यायचं, म्हणून टीव्हीवर खाली अक्षरांची ओळ लावून ठेवली होती. मला अजून चांगलं ऐकू येतं, तरी ती ओळ चालूच आहे. प्रेक्षक ओरडले की तिथे तसं लिहून येतं... मी आवाज बंद करते आणि ते वाचत बसते.